आठ वाव, एक हात, चार बोटं

पनवेलच्या कोळीवाड्यात काशिराम नाखव्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या विमानावर विश्वास ठेवतो असाही नव्हता.

काशिराम मूळचा करंज्याचा. लढाईच्या काळात, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस साली, तो आरमाराच्या एका लाँचवर खलाशी होता. त्या लाँचला काम एकच. पाण्यावर उतरणारं एक विमान यायचं, ते बोयाला, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधायचं आणि जायची वेळ झाली की सोडायचं. गोठ्यात गाय बांधावी-सोडावी तसं. पुढे लढाई संपली, विमान गेलं, लाँच गेली. काशिरामाजवळ दोनच गोष्टी उरल्या. एक, खांद्याच्या वर न जाणारा आणि बाजूला न पसरणारा उजवा हात. आणि दुसरी, तो हात तसा का झाला याची गोष्ट.

गोष्ट अशी. त्या विमानाला एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या होत्या, होडीसारखं पोट होतं, आणि त्याचा फिरणारा पंखा नाकावर नव्हता, मागे होता. काशिराम त्याला बदक म्हणायचा. धक्क्याच्या उतारावरून जमिनीवर चढता यावं म्हणून बदकाला चाकंही होती. एके दिवशी साहेब ती चाकं वर घ्यायला विसरला आणि तसाच पाण्यावर उतरला. चाकं पाण्यात अडकली, बदकानं कोलांटी खाल्ली आणि ते उताणं झालं. काशिरामानं उडी टाकली, पट्ट्यात अडकलेल्या साहेबाला सोडवून बाहेर ओढलं, आणि तेवढ्यात पंखाचा खांब त्याच्या खांद्यावर आला. साहेब इस्पितळात गेला तो तिकडूनच विलायतेला. काशिराम घरी आला.

कोळीवाड्याकडे हीच गोष्ट फार थोडक्यात होती. होळीच्या दिवशी ताडी जास्त झाली आणि काशिराम धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडला.

पुढे त्यानं होडी विकली आणि तो पनवेलला मुलाकडे राहायला आला. येताना होडीचा नांगराचा दोर तेवढा आणला. बायकोनं, म्हणजे गंगाबाईनं, तो परसात शेवग्यापासून न्हाणीच्या खांबापर्यंत दुहेरी-तिहेरी बांधून कपडे वाळत घालायला घेतला. नांगराच्या दोराला याहून बरं म्हातारपण मिळत नाही.

काशिरामाचं म्हातारपण मात्र तेवढं बरं चाललं नव्हतं. नारळी पुनवेला वाड्यातला एक जाणता माणूस नारळ घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालतो. तीन वर्षांपूर्वी तो मान वयानं काशिरामाकडे आला. धुवट सदरा, लाल टोपी, छातीशी नारळ धरून म्हातारा चार पावलं चालला असेल-नसेल, तोच मागून कुणीतरी तोंडानं आवाज काढला, "घुर्र्र्र!" मग दुसऱ्यानं काढला. मग सगळ्या रांगेचंच विमान झालं. काशिराम थांबला, नारळ शेजारच्याच्या हातात दिला आणि घरी आला. त्या दिवसापासून तो पुनवेला गेला नाही आणि विमानाचं नाव त्यानं काढलं नाही. ओट्यावर बसून लोकांची फाटकी जाळी सांधायची, एवढंच.

त्याचा मुलगा गणू हा कोळीवाड्यातला आणखी एक चमत्कार. कोळ्याच्या पोटी जन्मला आणि त्याला बोट लागायची. होडी धक्का सोडायच्या आत हा कठड्यावर वाकलेला. चौदाव्या वर्षापर्यंत बापानं वाट पाहिली, मग म्हणाला, "दर्याला तुझं खाल्लेलं नको हाय. दुसरं काय तरी बघ." गणू सातवी पास झाला, रंधा धरायला शिकला, आणि आता एस.टी.च्या डेपोत सुतार होता. गाड्यांची मोडकी बाकडी तो नीट करायचा. खिशात कायम फूटपट्टी. बायको दमयंती म्हणायची, "ह्यांच्या पानात भाकरी वाढली तरी आधी मापून बघतील."

अठ्ठावन्न सालच्या जूनमधली गोष्ट. होड्या वर ओढून शाकारल्या होत्या आणि सगळा वाडा मासळीबाजाराजवळच्या शिवाच्या चहाच्या दुकानात येऊन बसला होता. शिवा स्वतः कोळीच, पण होडीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची, म्हणून त्यानं दुकान काढलेलं. गणू कपबशी घेऊन बसतोय न बसतोय तोच शिवा म्हणाला,

"गणू, बापाला विचार रं. पावसाळ्यात होड्या बंद हायत, तर त्याच्या विमानानं जालं टाकायला येतंय काय?"

दुकान हसलं. एरवी गणूही हसला असता. पण त्या दिवशी सकाळी त्यानं बापाला एक जाळं पाचव्यांदा सोडून परत सांधताना पाहिलं होतं. दुसरं कामच नव्हतं म्हणून. त्यानं बशी खाली ठेवली आणि जे बोलू नये ते तो बोलून बसला.

"पुनवेच्या आत ते विमान तुझ्या ह्या टेबलावर आणून ठेवतो. लाकडाचं, पण मापात. जसं व्हतं तसं."

"आणि तसं विमान जगात नसलं तर?"

"तर पुनवेला मी पुढं चालतो, तुमी सगळे मागनं घुर्र करा. आणि खरं निघालं तर नारळ बाबाच्या हातात. मागनं आवाज नाय."

मिरवणुकीचं सगळं ठरवणाऱ्या पाच-सहा जणांत शिवा होता. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "लागली पैज. एवढे लोक ऐकतायत."

गणू घरी आला आणि बापासमोर उकिडवा बसला. "बाबा, तुमच्या विमानाचं माप सांगा."

"कंचं विमान?" म्हाताऱ्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "कसलं विमान नव्हतं. तू तुझी बाकडी ठोक."

दोन दिवस विनवण्या झाल्या. मग गणूनं दुसरा रस्ता धरला. त्यानं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं एक विमान घाईघाईत ठोकलं. एकच पंख, अंडं वाटावं असं पोट, आणि पंखा बरोबर नाकावर, खिळ्यानं टोचलेला. ते त्यानं ओट्यावर बापाच्या डोळ्यांसमोर ठेवलं आणि डेपोत निघून गेला. पहिल्या दिवशी काशिरामानं त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी तिरक्या नजरेनं पाहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गणू घरी आला तेव्हा विमानाचा पंखा उपटून फेकलेला होता आणि म्हातारा त्याचीच वाट पाहत उभा होता.

"कुणी सुतार केला रं तुला? हे विमान हाय? हा तर पाट हाय, पाट! बदकाचं पोट असं असतंय? नाकावर पंखा लावलास, तर बोया धरायला नाकातनं बाहेर येणारा मानूस काय मान कापून घेईल?"

"नाकातनं मानूस बाहेर यायचा?"

"नाकावर झाकन व्हतं. ते उघडून एकजन उभा रायचा, मी दोर टाकायचो, तो धरायचा. म्हनून तर पंखा मागं! लिवून घे."

गणू लिहून घ्यायला तयारच होता. पेन्सिल कानावरच होती. तीन वर्षं पोटात दाबलेलं विमान त्या संध्याकाळी बाहेर पडलं. पंख्याला चार पाती, लाकडाची. पंख मागे मिटायचे, बगळ्यासारखे. पंखांमध्ये तारा आणि खांब. आणि माप? मापही होतं.

"बोयाभोवती भरती-ओहोटीला विमान फिरतंय," काशिराम म्हणाला. "लाँच किती लांब ठेवायची ते ठाव नको? उतारावर उभं व्हतं तवा मी ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत पंखाखाली दोर टाकला आणि दोर मोजला. आठ वाव, एक हात, चार बोटं. साहेब हसत व्हता. हसंना का."

दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. कोळ्याची फूटपट्टी त्याच्या अंगावरच असते.

"आणि लांबी?"

"शेपटीखाली चिखल व्हता. नाय मोजली." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि एक ध्यानात ठेव. इंजिन सरळ नव्हतं. जरा उजव्या अंगाला कलतं बसवलेलं."

गणूची पेन्सिल थांबली. वाकडं इंजिन? सुताराच्या जातीला वाकडं या शब्दाचीच शिसारी. वाकड्या चौकटीचं दार, वाकड्या पायाचं बाकडं, असल्या गोष्टींवर त्यानं आयुष्य काढलेलं. त्यानं मान हलवली, कागदावर मात्र काही लिहिलं नाही. म्हातारा माणूस, चौदा वर्षं झाली, एखादी गोष्ट वाकडी आठवायचीच.

आता विलायतेचा पुरावा हवा होता. गणू गेला वाचनालयात. तिथं कमळाकर म्हात्रे कारकून होता, मॅट्रिकला दोनदा बसलेला, आणि त्यामुळे वाड्यातल्या सगळ्या इंग्रजी कागदांचा मुखत्यार. विमान म्हटल्यावर त्यानं आधी पुराणातल्या विमानांवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं.

"ह्याला पंखा मागं हाय काय?" गणूनं विचारलं.

"ह्याला पंखाच नाही. हे मंत्रावर चालतं."

"मग नको. बाबाचं पेट्रोलवर चालायचं."

मग गणू मुंबईला रद्दीवाल्यांकडे गेला. एक रविवार गेला, दुसरा गेला. इंग्रजी येत नाही, म्हणून प्रत्येक दुकानदाराला तो स्वतः काढलेलं चित्र दाखवायचा. एका म्हाताऱ्या मुसलमान रद्दीवाल्यानं चष्मा कपाळावर चढवून चित्र पाहिलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. "मियाँ, इसका मुँह किधर है?" गणूनं बोट दाखवलं. "तो फिर ये पीछे से हवा खाता है? तौबा!" पण माणूस भला होता. लढाईच्या काळातल्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा त्यानं माळ्यावरून ओढून खाली टाकला. "ढूँढ लो. अल्लाह ने बनाया होगा तो मिलेगा."

तिसऱ्या रविवारी ते सापडलं. बाजूनं, समोरून आणि खालून अशी तीन काळी चित्रं, प्रत्येक जेमतेम करंगळीएवढं. वर-खाली पंख, होडीचं पोट, आणि पंखा मागे! गणू रद्दीच्या ढिगावर बसून एकटाच हसत राहिला. रद्दीवाल्यानंही पाहिलं आणि म्हणाला, "सुभानल्लाह. तुम्हारे अब्बा सच्चे निकले."

घरी आल्या आल्या गणूनं ते पान बापाला दाखवलं. काशिरामानं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग एवढंच म्हणाला, "बारीक छापलंय." पण त्या दिवसापासून त्यानं जाळं बाजूला ठेवलं आणि तो मुलाच्या कामावर देखरेख करू लागला. गणू फुटाला अर्धा इंच या मापानं काम करत होता. पोट सागवानाचं कोरलं, पंख पांगाऱ्याचे, तूर्त दोन्ही जरा लांबच ठेवलेले, पंखांमधल्या तारांसाठी जाळ्याचं सूत. लाकडाला काय लावायचं यावर बाप हटून बसला. होडीला लावतात तेच, मुशी माशाचं तेल. गणूनं लावलं. त्या वासानं दमयंतीनं विमान घरातून ओट्यावर काढलं, आणि ओट्यावर शेजारच्या मांजरीनं डावा पंख चाटून गुळगुळीत केला. पॉलिश पेपरचं अर्धं काम तिनंच केलं म्हणायचं.

पुढची पायरी शिवाचं दुकान. गणू छाती काढून गेला, पान टेबलावर पसरलं, आणि कमळाकरनं खालचा मजकूर वाचून दाखवला. लांबी सदतीस फूट सात इंच. पंखांची रुंदी पंचेचाळीस फूट दहा इंच. पंखा मागे.

शिवानं पान दोनदा पाहिलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता, पण हार मानायची त्याला सवय नव्हती. "बरं, विमान व्हतं," तो म्हणाला. "मी कधी नाय म्हटलं? पन काशीतात्या त्याच्याजवल गेला व्हता कशावरनं? धक्क्यावर बसून लांबनं बघितलं असंल. बघायला काय, आमी पन चंद्र बघतो."

"लांबनं बघून मोजता येतं?" गणू उसळला. "बाबानं दोर टाकून मोजलंय. आठ वाव, एक हात, चार बोटं!"

"कर की हिशोब मग. कमळाकरभाऊ, करा."

कमळाकरनं सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिल टेकवली. "वाव म्हणजे सहा फूट. शाळेच्या कोष्टकात आहे. आठ सक अठ्ठेचाळीस. हात म्हणजे दीड फूट. चार बोटं म्हणजे तीन इंच. एकूण एकोणपन्नास फूट नऊ इंच." मग त्याची पेन्सिल मंदावली. "मासिकात पंचेचाळीस फूट दहा."

चार फुटांना एक इंच कमी, एवढा फरक. कुणीही हसलं नाही. शिवासुद्धा नाही. त्यानं गणूसमोर चहा ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "राहू दे, गणू. म्हातारा मानूस हाय. आमी पुनवेला नाय कोणाला घुर्र करू देनार."

ते 'राहू दे' गणूला टोमण्यापेक्षा जास्त लागलं. टोमण्याला उत्तर देता येतं. कुणी कीव केली की गप्प बसावं लागतं.

घरी काशिराम ओट्याच्या कडेला येऊन बसला होता. "काय म्हनाले? पंखाचं माप जुललं काय?"

"कमळाकर अजून वाचतोय," गणू म्हणाला आणि आत गेला.

पुढचे पंधरा दिवस त्यानं काम केलं ते खाली मान घालून. पंख मासिकातल्या मापानं कापले, तेवीस इंचांना एक सूतही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, कमी नाही. बापाच्या मापानं ते पंचवीसच्या घरात गेले असते. इंजिन सरळ बसवलं आणि सरस लावून पक्कं केलं. त्याच्या मनात एक भुंगा शिरला होता. माप जर खोटं, तर दोर टाकल्याची गोष्ट खोटी. ती खोटी, तर उडी खोटी. मग उरतात धक्क्याच्या पायऱ्या आणि होळीची ताडी. आपला बाप खोटा आहे असं शिवानं म्हणणं वेगळं, आणि आपल्याच फूटपट्टीनं म्हणणं वेगळं.

गंमत म्हणजे पंख बसवले तेव्हा काशिरामानं मान तिरकी करून विमान न्याहाळलं आणि म्हणाला, "हां. आता रुंदी बराबर दिसते." गणूला वाटलं, आता बापाला स्वतःचं मापही आठवत नाही.

पुनव पाच दिवसांवर आली. श्रावणातलं ऊन पडलं होतं म्हणून दमयंतीनं घरातलं सगळं धुणं बाहेर काढलं होतं. गणू ओट्यावर बसून विमानाला राखाडी रंग देत होता. काशिराम शेजारी डुलक्या घेत होता. परसातून दमयंतीचा आवाज आला.

"सासूबाय, ह्या दोराच्या चिंध्या मी कापते हां! दर दोन पावलांवर एक लाल चिंधी. माझ्या पांढऱ्या लुगड्याला डाग परला बगा."

"हात लावशील तर खबरदार!" गंगाबाई आतून ओरडली. "तुझ्या सासऱ्याचे वाव हायत ते."

गणूचा कुंचला थांबला. रंगाचा एक थेंब पडला तो नेमका मांजरीच्या शेपटीवर, आणि मांजर शिव्या देत पळाली.

"आये, काय म्हनालीस?"

"काय म्हनाले? नांगराचा दोर हाय तो. पानी किती खोल ते कलावं म्हनून तुझ्या बापसानं वावा-वावावर चिंधी बांधलीय. स्वताच्या हातानं. हात धड व्हता तवा." गंगाबाई दारात आली. "त्याचा वाव आखूड. म्हनून दोर विकत घ्यायला आमी त्याला कदी धाडलं नाय. माझा भाऊ विठू जायचा, ताडासारखा मानूस. वाव मोजायचा तो विठूनं, तर दोर चांगला लांब मिलायचा. दुकानदार रडायचा."

गणू उठला. कोळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? ठाऊक होतंच. दोर घ्यायला वाड्यातला सगळ्यात लांब हाताचा माणूस न्यायचा, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण शाळेतल्या कोष्टकानं सहा फूट म्हटलं, आणि दुकानभर बसलेल्या एकाही कोळ्यानं विचारलं नाही की कुणाचा वाव? सातवी पास गणूनं तर नाहीच.

त्यानं फूटपट्टी काढली. लुगडी, सदरे, पंचे भराभर बाजूला सारले. एका चिंधीपासून दुसऱ्या चिंधीपर्यंत साडेपाच फूट. पुढची, साडेपाच फूट. तिसरी, साडेपाचला एक दोरा कमी. चौथी, साडेपाच.

"अवो, माझी लुगडी मातीत परतात!" दमयंती ओरडली.

"परू दे! आठ साडेपाचं किती?"

"चव्वेचाळीस," दमयंती म्हणाली. मासळी विकणारी बाई, तिला कागद लागत नाही.

गणू ओट्यावर धावला आणि झोपेतल्या बापाचा डावा हात त्यानं कोपरापासून मापला. दीड फूट. चार बोटं एकत्र धरून मापली. तीन इंच. पंचेचाळीस फूट नऊ इंच. मासिकात पंचेचाळीस फूट दहा. चौदा वर्षांनी, सेहेचाळीस फुटांच्या पंखात फरक एका इंचाचा.

काशिराम डोळे चोळत जागा झाला. "काय रं, तिरडीचं माप घेतंस काय?"

"बाबा," गणू फूटपट्टी दाखवत म्हणाला, "एक इंच कमी पडतोय."

म्हाताऱ्याला सगळं समजावून सांगायला थोडा वेळ गेला. सहा फुटांचा हिशोब, शिवाचं 'राहू दे', आणि मुलानं पंधरा दिवस खाली घातलेली मान, हे सगळं त्यानं एकदम ओळखलं असावं. पण म्हणाला एवढंच, "तो इंच पुस्तकवाल्यानं वाढवला असंल. मी दोर ताणून धरला व्हता."

मग गणूनं पटाशी घेतली. सरळ बसवलेलं, सरस लावून पक्कं केलेलं, रंग दिलेलं इंजिन त्यानं ठोकून मोकळं केलं. दोन सुतं लाकूड गेलं. मासिकातल्या करंगळीएवढ्या चित्रात इंजिन सरळ की वाकडं हे दिसत नव्हतं आणि मजकुरात त्याबद्दल अक्षर नव्हतं.

"किती कलतं, बाबा?"

काशिराम पुढे सरकला. डाव्या हाताच्या दोन बोटांत त्यानं इंजिन धरलं, डोळा बारीक केला, आणि जरासं, भाताचं एक शीत सरकावं तेवढं, उजवीकडे वळवलं. "एवढं. पंखा वारा मागं फेकतो तो सरळ जात नाय, शेपटीला एका बाजूनं ढकलतो. मग नाक भरकटतंय. म्हनून आधीच कलतं बसवायचं. वारा आडवा असला की आपन सुकानू धरतो तसं." गणूनं सरस लावला आणि बापाच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून तो वाळेपर्यंत धरून बसला.

दुसऱ्या दिवशी तो शिवाच्या दुकानात गेला तो एका हातात विमान आणि खांद्यावर अख्खा दोर घेऊन. दोराला घाईत राहिलेला एक ओला पंचा लोंबत होता. विमान टेबलावर ठेवलं, दोर जमिनीवर पसरला आणि फूटपट्टी कमळाकरच्या हातात दिली. "मोजा भाऊ. ह्या खेपेला कोष्टक घरी ठेवा."

कमळाकरनं मोजलं. पाकिटावर आकडा लिहिला, मासिकाचा आकडा शेजारी लिहिला, आणि पाकीट शिवाकडे सरकवलं. कोपऱ्यात दाजी बसले होते, वाड्यातले एक जुने जाणते. त्यांनी बिडी विझवली.

"अरे गाढवांनो, सहा फुटांचा वाव सरकारचा. काशिरामाचा वाव काशिरामाचा. शिवा, तू चुलत्याला घेऊन दोर आणायला जायचास ना? कशाला जायचास?"

शिवानं डोकं खाजवलं. चुलता सहा फुटांहून उंच होता. "त्याचा हात लांब व्हता," तो पुटपुटला. मग विमानाभोवती एक फेरी मारली, नाकाशी वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि शेवटचा एक दगड मारून पाहिला. "इंजिन वाकडं बसलंय, सुतार."

"बसलं नाय, बसवलंय," गणू म्हणाला. "का ते बाबाला विचार."

नारळी पुनवेला मिरवणूक निघाली तेव्हा पुढे काशिराम होता. धुवट सदरा, लाल टोपी. नारळ छातीशी धरायचा असतो, आणि छातीपर्यंत त्याचा उजवा हात व्यवस्थित जात होता. मागची रांग इतकी गप्प होती की बेंजोवाल्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. खाडीवर नारळ पाण्यात सोडला, गुलाल उडाला, आणि सगळे परत शिवाच्या दुकानात आले. विमान अजून त्याच टेबलावर होतं. मुशीच्या तेलाच्या वासानं दोन गिऱ्हाइकं गेली, तरी शिवानं ते हलवलं नव्हतं.

काशिराम तीन वर्षांनी त्या बाकड्यावर बसला. शिवानं पुढ्यात चहा ठेवला, हात पुसले आणि समोर बसला.

"तात्या," शिवा म्हणाला. "साहेब चाकं वर घ्यायला विसरला. मग?"

"असं मधनंच नाय," काशिराम म्हणाला. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला, आणि बशी सावकाश खाली ठेवली. दुकान पुढे सरकलं. "पैल्यापासनं सांगतो. सकालची भरती व्हती. मी लाँचवर उभा. उरणच्या अंगानं, लांबनं, आवाज आला बग..."

आणि तोंड उघडून, डावा हात हवेत पसरून, सगळ्या कोळीवाड्यानं मिळून काढला नसेल असा मोठा आवाज म्हाताऱ्यानं स्वतःच काढला, "घुर्र्र्र्र्र!"